स्पिट्झर यांचा राजीनामा : वाद भलत्याच जागी अडला आहे

एखाद्या नेत्याचे खासगी प्रकरण बाहेर आले की आपल्याकडच्या चर्चेत दोन बाजू लगेच तयार होतात. एक म्हणते, ज्याला घर सांभाळता आले नाही तो राज्य काय सांभाळणार? दुसरी म्हणते, बंद दाराआड दोन सज्ञान माणसे काय करतात याच्याशी जनतेला काय देणेघेणे? या वादात न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर एलियट स्पिट्झर यांचे नाव वारंवार येते. पहिल्या बाजूला ते पापाचे फळ वाटतात, दुसऱ्या बाजूला वॉल स्ट्रीटने संपवलेला हुतात्मा. माझ्या मते दोन्ही बाजू चुकतात. मार्च २००८ मध्ये स्पिट्झर यांनी पद सोडले ते योग्यच झाले. मात्र त्याचे कारण त्यांनी पत्नीची फसवणूक केली हे नव्हे. वेश्याव्यवसायाविरुद्धचा जो कायदा त्यांनी इतरांवर चालवला आणि गव्हर्नर झाल्यावर स्वतःच्या सहीने कडक केला, तोच ते गुपचूप मोडत होते. हे कारण बाजूला ठेवले की उरतो तो नुसता चारित्र्यावरचा कलह, आणि त्यातून कुठल्याच राज्यकर्त्याला मोजायचे माप हाती लागत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण मराठी चर्चेत इथेच घोटाळा होतो. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो थेट लोकांनी निवडलेला, अर्थसंकल्प मांडणारा, राज्य पोलिसांवर हुकूम चालवणारा कार्यकारी प्रमुख असतो; अधिकारांच्या दृष्टीने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा, काही बाबतींत त्याहून बलवान. शिक्षा माफ करण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो, आणि न्यूयॉर्कच्या सर्वांत वरच्या न्यायालयातील (कोर्ट ऑफ अपील्स) न्यायाधीशांची नेमणूकही तोच सिनेटच्या संमतीने करतो.

स्पिट्झर या पदावर पोहोचले ते वकिलीच्या वाटेने. प्रिन्स्टन आणि हार्वर्डमध्ये शिकून ते मॅनहॅटनच्या जिल्हा सरकारी वकिलाच्या कार्यालयात दाखल झाले. तयार कपड्यांच्या धंद्यातील ट्रक वाहतूक मुठीत ठेवणाऱ्या गँबिनो या माफिया कुटुंबाविरुद्ध तिथे त्यांनी खटला उभा केला. खून-मारामारीचे पुरावे मिळणार नाहीत हे ओळखून त्यांनी धंद्याचीच नस पकडली. १९९८ मध्ये ते निसटत्या फरकाने राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी झाले आणि त्यांनी १९२१ चा मार्टिन कायदा पुन्हा कामाला लावला. रोख्यांच्या व्यवहारातील फसवणुकीविरुद्धच्या या कायद्यात दिवाणी कारवाईसाठी फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही, आणि कागदपत्रे मागवण्याचे अधिकार अफाट आहेत. मेरिल लिंच या दलाली कंपनीचे विश्लेषक खासगी ईमेलमध्ये ज्या समभागांची खिल्ली उडवत होते, तेच ग्राहकांना घ्यायला सांगत होते, हे त्यांनी त्या ईमेलवरूनच दाखवले. २००२ मध्ये कंपनीने १० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. पुढल्या वर्षी दहा मोठ्या कंपन्यांशी सुमारे १.४ अब्ज डॉलरची सामाईक तडजोड झाली. बाजार बंद झाल्यावर जुन्या भावाने म्युच्युअल फंडांची खरेदी करू देण्याची चालही त्यांनीच उघडी पाडली. २००६ मध्ये मतदारांनी त्यांना ६९ टक्के मते देऊन गव्हर्नर केले ते या कामासाठी. या कामाची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही.

पण याच कारकिर्दीची दुसरी बाजूही आहे आणि तिच्याशिवाय राजीनामा समजत नाही. ॲटर्नी जनरल असताना त्यांच्या कार्यालयाने २००४ मध्ये स्टेटन आयलंडमधील वेश्याव्यवसायाच्या एका जाळ्यातील सोळा जणांवर कारवाई केली, आणि त्या धंद्याबद्दल स्पिट्झर जाहीरपणे तिरस्काराने बोलले. क्वीन्समधून परदेशी लैंगिक सहली नेणाऱ्या एका पर्यटन कंपनीमागे ते लागले. गव्हर्नर झाल्यावर जून २००७ मध्ये त्यांनी मानवी तस्करीविरोधी कायद्यावर सही केली. त्यात गिऱ्हाइकाची शिक्षाही वाढवली होती : पूर्वी जास्तीत जास्त तीन महिने कैद होती, ती एक वर्षापर्यंत नेली. मागणी थांबवल्याशिवाय पुरवठा थांबत नाही, हे त्यामागचे तत्त्व. कायदा १ नोव्हेंबर २००७ पासून अमलात आला. १३ फेब्रुवारी २००८ च्या रात्री वॉशिंग्टनमधल्या मेफ्लॉवर हॉटेलात, एका मित्राच्या नावाने घेतलेल्या खोलीत, हा कायदा करणारा माणूस स्वतःच गिऱ्हाईक होता. मधे गेले होते साडेतीन महिने.

ते सापडले कसे, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण ‘खासगी’ या शब्दाचे खरे मोजमाप तिथे होते. सुरुवात कुणा पत्रकाराने केली नाही, पत्नीच्या तक्रारीनेही झाली नाही. सुरुवात झाली बँकेत. अमेरिकेत १९७० च्या कायद्यानुसार दहा हजार डॉलरहून अधिक रोखीचा व्यवहार झाला की बँकेला सरकारला कळवावे लागते. तो अहवाल चुकवण्यासाठी रकमेचे तुकडे पाडणे हा १९८६ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, मग पैसा कितीही स्वच्छ असो. शिवाय व्यवहार रोखीचा असो वा नसो, त्यात लपवाछपवी दिसली की बँक संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवते आणि ग्राहकाला त्याचा पत्ता लागू देत नाही. तेव्हाच्या वृत्तांनुसार स्पिट्झर यांनी मोठी रक्कम तुकड्यांत पाठवली आणि नंतर त्या व्यवहारांवरून आपले नाव काढून टाकायला सांगितले. बँकेने नकार दिला. दुसरीकडे आणखी एका बँकेला ज्या कंपनीच्या खात्याचा संशय आला होता, तीच कंपनी ‘एम्परर्स क्लब’ नावाच्या वेश्याव्यवसायाच्या जाळ्याचा मुखवटा निघाली. कर खात्याच्या तपासनिसांना आधी वाटले ते असे की कुणी गव्हर्नरकडून खंडणी उकळत असावा किंवा लाचेचा पैसा फिरत असावा. मग दूरध्वनीवर पाळत आली, आणि मार्चच्या सुरुवातीला चौघांवर आरोप ठेवताना न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात ‘क्लायंट ९’ अवतरला. तेच स्पिट्झर.

आता राजीनामा चुकीचा मानणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. ६ नोव्हेंबर २००८ रोजी मॅनहॅटनचे फेडरल (केंद्रीय) सरकारी वकील मायकेल गार्सिया यांनी जाहीर केले की स्पिट्झर यांच्यावर खटला भरला जाणार नाही. सरकारी किंवा प्रचाराचा पैसा वापरल्याचा पुरावा नाही, पैसे काढण्याच्या व देण्याच्या पद्धतीबद्दल गुन्हा सिद्ध होईल इतका पुरावा नाही, आणि नुसत्या गिऱ्हाइकांवर फेडरल खटले भरण्याची प्रथा नाही. म्हणजे न्यायालयाच्या मोजणीत तो माणूस निर्दोष राहिला. मग तो गेला कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणारे गृहीत धरतात की पद सोडण्याची कसोटी आणि तुरुंगात जाण्याची कसोटी एकच. ती कधीच एक नव्हती. गुन्हा सिद्ध होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही हा नियम मान्य केला, तर ॲटर्नी जनरल म्हणून स्पिट्झर यांनी खटल्याआधीच पायउतार व्हायला लावलेले कंपनीप्रमुख कोणत्या नियमाने गेले? एआयजी या विमा कंपनीचे प्रमुख मॉरिस ग्रीनबर्ग २००५ मध्ये पदावरून गेले तेव्हा कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले नव्हते. संचालक मंडळाचा विश्वास उडाला, एवढेच पुरेसे धरले गेले. स्पिट्झर यांनीच वापरलेली ही मोजपट्टी त्यांना लावणे अन्याय कसा?

‘दोन सज्ञानांची खासगी बाब’ हा युक्तिवाद मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. वेश्याव्यवसायाच्या गिऱ्हाइकाला तुरुंगात टाकावे की नाही, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. गिऱ्हाइकांवरचा धाक वाढला की धंदा आणखी अंधारात ढकलला जातो आणि त्यात अडकलेल्या स्त्रियांचाच धोका वाढतो, असे म्हणणाऱ्यांकडे वजनदार कारणे आहेत. पण तसे स्पिट्झर यांना वाटत होते का? वाटत असते तर जून २००७ मध्ये सही करण्याऐवजी विधेयक परत पाठवण्याचा अधिकार त्यांच्या हातात होता. ज्याला कायदा चूक वाटतो त्याने तो बदलायला झटावे. ज्याने तो कडक केला, त्याने तो मोडताना खासगीपणाचा आडोसा मागू नये. वाढीव शिक्षेला तोंड द्यायला जे सामान्य पुरुष उभे राहणार होते, त्यांच्यापैकी कुणाला ‘ही माझी खासगी बाब आहे’ असे म्हणण्याची सोय नव्हती.

न्यूयॉर्कने लैंगिक शुचिता मागितली नव्हती, याचा पुरावा अवघ्या एका दिवसात मिळाला. १७ मार्च २००८ रोजी डेव्हिड पॅटरसन यांनी शपथ घेतली. न्यूयॉर्कचे ते पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर, आणि कायद्याच्या व्याख्येनुसार अंध. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने पत्रकारांना सांगितले की लग्नाच्या अवघड काळात दोघांचेही इतरांशी संबंध होते. चार दिवस चर्चा झाली आणि कामकाज सुरू राहिले. याच पॅटरसन यांनी २०१० मध्ये निवडणुकीतून माघार घेतली, ती त्यांच्या एका सहायकावरील घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात प्रशासनाने हात घातल्याचे समोर आल्यावर. बेसबॉलच्या अंतिम मालिकेची तिकिटे फुकट घेतल्याबद्दल त्यांना ६२,१२५ डॉलर दंड झाला तोही निराळा. लग्नाबाहेरच्या संबंधांना माफी आणि पदाच्या गैरवापराला शिक्षा. मतदार आणि माध्यमे नेहमी इतकी समंजस वागतात असे नाही, पण इथे त्यांनी रेघ बरोबर ओढली.

ही रेघ नवी नाही. १७९२ मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यावर सरकारी माहितीच्या आधारे सट्टा केल्याचा संशय आला. चौकशीला आलेल्या तिघा लोकप्रतिनिधींसमोर त्यांनी पत्रे ठेवली : पैसे दिले होते ते सट्ट्यासाठी नव्हे, विवाहित स्त्रीशी असलेले संबंध लपवण्यासाठी, तिच्या नवऱ्याला. तिघांनी ते खासगी मानले आणि गप्प राहिले. १७९७ मध्ये आरोप पुन्हा वर आला तेव्हा हॅमिल्टन यांनी स्वतःच पुस्तिका छापून सगळे उघड केले. व्यभिचाराचा कलंक त्यांनी पत्करला, पण सरकारी तिजोरीला हात लावल्याचा आरोप चिकटू दिला नाही. अब्रू गेली, पण हिशेब स्वच्छ ठरला. स्पिट्झर यांना हा बचाव उपलब्ध नव्हता, कारण त्यांच्याबाबतीत खासगी कृत्य आणि सार्वजनिक काम यांचा विषय एकच होता.

‘खासगी ते खासगी’ म्हणणारे ग्रोव्हर क्लीव्हलँड यांचा दाखला हमखास देतात. क्लीव्हलँड न्यूयॉर्कचे गव्हर्नर असतानाच १८८४ मध्ये अध्यक्षपदासाठी उभे राहिले. लग्नाबाहेरच्या मुलाची गोष्ट बाहेर आली. त्यांनी सहकाऱ्यांना खरे तेच सांगायला सांगितले. आणि ते निवडून आले. प्रामाणिकपणाची ही गोष्ट छान वाटते, पण ती अर्धीच आहे. त्या मुलाची आई मारिया हॅल्पिन हिला काही काळ वेड्यांच्या इस्पितळात टाकण्यात आले आणि मूल तिच्यापासून तोडले गेले. निवडणुकीआधी तिने प्रतिज्ञापत्र देऊन सांगितले की जे घडले ते तिच्या इच्छेविरुद्ध होते. क्लीव्हलँड यांच्या बाजूने ते नाकारले गेले, आणि कुणी तपास केला नाही. म्हणजे ‘खासगी’ हे लेबल लावल्यामुळे इथे एका गंभीर आरोपाची चौकशीच टळली. हा दाखला खासगीपणाच्या बाजूने देणाऱ्यांनी तो पुन्हा तपासावा.

दुसरा मोठा आक्षेप कटाचा. मांडणी अशी : १४ फेब्रुवारी २००८ रोजी स्पिट्झर वॉशिंग्टनमध्ये संसदीय समितीपुढे रोखे विमा कंपन्यांच्या संकटावर बोलले, त्याच दिवशी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये त्यांचा लेख आला, ज्यात बुश प्रशासनाने राज्यांना लुबाड्या गृहकर्जांविरुद्ध कारवाई करू दिली नाही असा थेट आरोप होता, महिनाभरात ते गेले आणि त्याच आठवड्यात बेअर स्टर्न्स ही गुंतवणूक बँक कोसळली. योगायोग? या संशयाला आधारच नाही असे मी म्हणणार नाही. त्याच प्रशासनाने काही सरकारी वकिलांना राजकीय कारणांनी काढल्याचा वाद ताजा होता. एका गिऱ्हाइकासाठी इतकी यंत्रणा का लावली, हा प्रश्नही वाजवी आहे. पण कटाचा पाया आहे तो ‘वॉल स्ट्रीटचा पोलीस हटवला’ या वाक्यात, आणि ते वाक्यच खोटे आहे. मार्टिन कायद्याचे अधिकार ॲटर्नी जनरलकडे असतात, गव्हर्नरकडे नाहीत. स्पिट्झर यांनी ते पद २००६ अखेर सोडले होते आणि तिथे अँड्र्यू कुओमो बसले होते. रोखे विमा कंपन्यांचा प्रश्न हाताळणारे राज्याचे विमा अधीक्षक एरिक डिनॅलो राजीनाम्यानंतरही त्या खुर्चीवर राहिले आणि ते काम चालू राहिले. मग वॉल स्ट्रीटने नेमके काय साधले?

शत्रूंचा हेतू वाईट होता म्हणून आरोप खोटा ठरत नाही, हे न्यूयॉर्क १९१३ मध्येच शिकले होते. गव्हर्नर विल्यम सल्झर यांनी टॅमनी हॉल या पक्षयंत्रणेशी वैर घेतले. यंत्रणेने त्यांचे निवडणूक हिशेब खणून काढले आणि महाभियोग चालवून त्यांना पदच्युत केले. महाभियोगाने गेलेले ते न्यूयॉर्कचे एकमेव गव्हर्नर. टॅमनीला सूड घ्यायचा होता यात शंका नाही. पण प्रचारासाठी आलेला पैसा सल्झर यांनी समभाग खरेदीत घातला होता, यातही शंका नव्हती. स्पिट्झर यांच्याबाबतीत हाच धोका समोर होता. विधानसभेतील विरोधी नेते जेम्स टेडिस्को यांनी ४८ तासांत राजीनामा न आल्यास महाभियोगाचा इशारा दिला होता. १५० सदस्यांच्या सभागृहात त्याला ७६ मते लागतात, आणि पुढचा खटला सिनेट व राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाचे न्यायाधीश मिळून चालवतात. १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू होत होते आणि अर्थसंकल्प मंजूर व्हायचा होता. शिवाय २००७ मध्ये गव्हर्नरच्या सहायकांनी सिनेटमधील प्रतिस्पर्धी नेते जोसेफ ब्रुनो यांच्या प्रवासाच्या नोंदी काढायला राज्य पोलिसांना लावल्याचे उघड झाले होते, त्यामुळे दोन्ही पक्षांतली सहानुभूती आधीच आटली होती. १० मार्चला बातमी आली, १२ ला राजीनाम्याची घोषणा झाली, १७ ला सत्तांतर. हे पाच दिवस सूत्रे नीट सोपवण्यासाठी होते.

तुलनेसाठी न्यू जर्सीचे गव्हर्नर जिम मॅकग्रीव्ही पाहा. त्यांनी १२ ऑगस्ट २००४ रोजी आपण समलिंगी असल्याचे जाहीर करून राजीनामा घोषित केला, पण तो लागू केला १५ नोव्हेंबरपासून, म्हणजे त्या नोव्हेंबरात मुदतीआधीची निवडणूक घ्यावीच लागू नये. सगळी चर्चा त्यांच्या लैंगिकतेवर झाली. खरे तर ज्या व्यक्तीभोवती प्रकरण फिरत होते, तिला ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या काळात वर्षाला १,१०,००० डॉलर पगारावर अंतर्गत सुरक्षेच्या सल्लागारपदी बसवले होते, आणि परदेशी नागरिक असल्यामुळे तिला फेडरल गोपनीय माहिती मिळूही शकत नव्हती. समलिंगी असणे हा राजीनाम्याचा विषय कधीच नव्हता. ती नेमणूक होती.

डेव्हिड व्हिटर यांचे काय, हा तिसरा आक्षेप. लुईझियानाच्या या सिनेटरचा दूरध्वनी क्रमांक २००७ मध्ये वॉशिंग्टनमधल्या अशाच एका धंद्याच्या यादीत सापडला. त्यांनी माफी मागितली, पद सोडले नाही, आणि २०१० मध्ये ते पुन्हा निवडून आले. हा दुजाभाव खरा आहे आणि तो संतापजनक आहे. पण त्यावरचा उपाय व्हिटर यांनीही जावे असे म्हणणे हा आहे. एक सुटला म्हणून दुसऱ्यालाही सोडा, ही मागणी करणाऱ्याला कायद्याशीच देणेघेणे उरत नाही.

आपल्याकडे वळल्यावर मात्र माझी तक्रार उलटी होते. महाराष्ट्राने १९८६ मध्ये योग्य वळण पाहिले आहे : मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर शिवाजीराव पाटील-निलंगेकर यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. बापाची माया खासगी होती, परीक्षेचा निकाल सार्वजनिक होता, आणि चर्चाही त्यावरच झाली. राजभवनांत मात्र असे होत नाही. डिसेंबर २००९ मध्ये आंध्र प्रदेशचे राज्यपाल नारायण दत्त तिवारी यांच्याबद्दलची चित्रफीत एका तेलुगू वाहिनीने दाखवली. तिवारींनी ती बनावट म्हटली आणि राजीनाम्यात कारण दिले प्रकृतीचे. दोन राज्यांचे मुख्यमंत्रिपद आणि केंद्रात अर्थ व परराष्ट्र खाती सांभाळलेला माणूस गेला, पण राजभवनात खरोखर काय चालले होते, तिथल्या स्त्रिया कोण होत्या, त्यांच्यावर बळजबरी होती का, हे कुणी शोधून लोकांपुढे ठेवले नाही. जानेवारी २०१७ मध्ये मेघालयाच्या राजभवनातील शंभराच्या आसपास कर्मचाऱ्यांनी राज्यपाल व्ही. षण्मुगनाथन यांच्या वागणुकीविरुद्ध पत्र लिहिले. त्यांनी आरोप नाकारले, राजीनामा दिला आणि विषय मिटला. पद सोडले की चौकशीची गरज संपते, हा आपला समज झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये राजीनाम्यानंतर आठ महिन्यांनी सरकारी वकिलाने काय तपासले, काय सापडले, काय सापडले नाही आणि खटला का नाही, हे नावानिशी लोकांपुढे मांडले.

आपल्या राज्यघटनेचे कलम ३६१ पदावरील राज्यपालाला फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते. २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या राजभवनातील एका कंत्राटी कर्मचारी महिलेने विनयभंगाची तक्रार केली. राज्यपालांनी ती ठामपणे फेटाळली. ती महिला सर्वोच्च न्यायालयात गेली आणि या संरक्षणाची व्याप्ती तपासायला न्यायालयाने होकार दिला. संरक्षण खटल्यापुरते आहे की पुरावा गोळा करण्यालाही ते अडवते, हा तिथला खरा प्रश्न आहे. सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाते, कंत्राटी कामगाराचे कंत्राट संपते, साक्षीदारांच्या बदल्या होतात. पाच वर्षांनी राज्यपाल पद सोडतील तेव्हा तपासायला काय उरेल? खटला थांबवा, पण जबाब आणि चित्रण पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेऊ द्या. तक्रार खोटी असेल तर तेही त्याच पुराव्यातून सिद्ध होईल, आणि राज्यपालाला प्रकृतीचे कारण देऊन निघून जावे लागणार नाही.